बिनघंटेची गाय

अप्पांना अंधाराची भीती वाटायची. हे आधीच सांगून टाकते, कारण गेल्या महिन्यात मंचरहून एक मुलगी माझ्याकडे येऊन गेली. कॉलेजात शिकवते, आणि अप्पांच्या भयकथांवर प्रबंध लिहिते आहे. मोबाइल माझ्यासमोर रेकॉर्डिंगला ठेवून तिनं पहिलाच प्रश्न विचारला, “सर रात्री किती वाजता लिहायला बसायचे?” मला हसू आवरेना. अप्पा लिहायचे दुपारी, भर उन्हात, पडवीत खांबाला टेकून. दिवस मावळला की वही बंद. अंधार पडल्यावर परसात जायची वेळ आली तर कंदील स्वतः धरायचे आणि पुढं मला घालायचे. तिचा दुसरा प्रश्न होता, त्यांच्यावर कोणत्या परदेशी लेखकांचा प्रभाव होता? मी म्हटलं, बाई, प्रभाव होता तो आमच्या आईच्या सुपाचा. तिनं ते निमूटपणे वहीत उतरवलं, मग वर बघून विचारलं, “म्हणजे?” त्या ‘म्हणजे’चं उत्तर चहाच्या एका कपात संपण्यासारखं नव्हतं. तिला दिलं ते अर्धवट दिलं. इथं पुरं देते.

आम्ही तेव्हा जुन्नरला बाजारामागच्या गल्लीत राहत होतो. दोन खोल्या, पुढं पडवी, मागं परस. परसातून लेण्याद्रीचा डोंगर आणि त्यातल्या लेण्यांची काळी रांग दिसायची. समोर एक पत्रेवाला होता. दिवसभर त्याची ठोकाठोक चालायची आणि ती बंद पडली की आम्हाला चुकल्यासारखं व्हायचं. अप्पा गुरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. हुद्दा डॉक्टरच्या खालचा होता, पण सगळा तालुका त्यांना डॉक्टरच म्हणायचा. मढपासून बेल्ह्यापर्यंत कुणाची म्हैस अडली, कुणाच्या बैलाच्या खांद्याला सूज आली, की अप्पांची सायकल निघायची किंवा एसटीच्या टपावर त्यांची पेटी चढायची. दुपारी एकच्या सुमारास ते परत यायचे, हातपाय धुऊन जेवायचे, आणि जेवण झालं की पान नाही, तंबाखू नाही, गोष्ट.

ती गोष्ट ते आधी लिहीत नसत, सांगत. आई समोर सूप घेऊन धान्य निवडत, पाखडत बसलेली असायची आणि अप्पा खांबाला टेकून बोलायला लागायचे. मी वही घेऊन मध्ये बसायची. माझं काम इतकंच, की आईचा हात थांबला रे थांबला की चालू वाक्यापुढं फुली मारायची. आई गोष्टीला कधी चांगलं म्हणाली नाही की वाईट म्हणाली नाही. तिला भुताखेतांत काही रसच नव्हता. आमटीत मीठ पडलं का याचीच तिला जास्त काळजी. पण सुपाचा सर्र सर्र आवाज चालता चालता मध्येच बंद पडला, की अप्पांच्या तोंडावर असं काही समाधान यायचं, की तेवढ्यासाठी मी शाळासुद्धा बुडवली असती. फुली मारलेलं ठेवायचं, बाकीचं पुन्हा सांगायचं. मग मी पक्की प्रत करायची, कारण अप्पांचं अक्षर औषधाच्या चिठ्ठीसारखं. वयाच्या दहाव्या वर्षापासून ते कॉलेजला जाईपर्यंत छापखान्यात गेलेला अप्पांचा शब्द न् शब्द माझ्या हातचा आहे. हे सांगताना माझी मान ताठ होते, तर होऊ दे.

अप्पांच्या पुस्तकांच्या कव्हरांवर हटकून कवटी असायची, नाहीतर केस सोडलेली बाई. अप्पा चिडायचे. त्यांच्या एकाही गोष्टीत कवटी नाही, आणि केस सोडलेली बाई असलीच तर ती न्हालेली असते. त्यांच्या गोष्टींत जनावरं होती. माणूस घाबरतो तो नंतर, आधी बैल थांबतो, कुत्रं कान पाडतं, मेंढ्या एकमेकींत डोकी खुपसतात. आमच्या घराण्यात मेंढरं होती. आजोबा उभा जन्म कळपामागं हिंडले, आणि जनावराबद्दल खोटं बोलायचं नाही, हा त्यांचा दंडक होता. शेळी गाभण नसताना गाभण आहे असं बाजारातसुद्धा म्हणायचं नाही. तो दंडक अप्पांच्या लिखाणात आला तो असा: माणसं ते मनानं रचायचे, भूत मनानं रचायचे, पण जनावर मात्र खरं, डोळ्यांनी पाहिलेलं, हातांनी तपासलेलं. रंग, शिंगं, चाल, सगळं जसंच्या तसं. इथंच ते फसले.

‘बिनघंटेची गाय’ ही गोष्ट श्रावणात छापून आली. मढच्या पुढं, माळशेजच्या वाटेवर एक वळण आहे, तिथं पावसाळ्यात धुकं रस्त्यावर बसून राहतं. त्या धुक्यातून एक पांढरी गाय येते. डावं शिंग अर्ध्यात मोडलेलं, उजव्या कानाला चीर, गळ्यात घंटा नाही. तिला नावही नाही. जो कुणी तिला घरी नेऊन बांधतो त्याच्याकडं दूध वाहू लागतं, आणि आठ दिवसांनी घरातली माणसं एकमेकांची नावं विसरायला लागतात. आधी आजीला नातवाचं नाव आठवत नाही, सगळे हसतात. मग आईला मुलाचं आठवत नाही. शेवटी सगळं घर एका पंगतीला जेवायला बसलेलं असतं आणि कुणी कुणाला हाक मारू शकत नाही. हे सांगताना त्या दुपारी आईचं सूप थांबलं, आणि ते पुन्हा सुरूच झालं नाही. ती उठली, माझ्याजवळ आली आणि तिनं मला माझ्या नावानं हाक मारली. “सुमे,” म्हणाली, उगाचच. मी समासात फुली मारली आणि तिच्याभोवती गोल काढला. तसा गोल मी पुढं कधीच काढला नाही.

गोष्ट गाजली. मढमध्ये एक शिंपी होता, त्याच्या दुकानात ते मासिक यायचं आणि तो मशीन थांबवून लोकांना मोठ्यानं वाचून दाखवायचा. लोकांनी ऐकलं, आणि गोष्टीतली माणसं कुणी ओळखली नाहीत, कारण ती नव्हतीच. गाय मात्र सगळ्या गावानं एका क्षणात ओळखली. मोडकं डावं शिंग, उजव्या कानाला चीर. ती भागूबाईची गाय होती.

भागूबाई मढच्या वरच्या अंगाला एकटी राहणारी बाई. नवरा कधीच गेलेला, मूल नाही. उतारावरचं भाताचं एक खाचर, थोडी नाचणी, आणि ही गाय. उन्हाळ्यात गाय कड्यावरून घसरली आणि तिचं शिंग मोडलं, तेव्हा अप्पांनीच तिला पट्टी बांधली होती. मान हलली की घंटा वाजायची, घंटा वाजली की ती आणखी मान झटकायची आणि पट्टी सुटायची, म्हणून घंटाही अप्पांनीच काढायला लावली होती. पुढं शिंग भरून आलं आणि घंटा राहून गेली. अप्पांनी तिला जशी पाहिली तशी लिहिली.

हे आम्हाला कळलं ते दिवाळीनंतर. शाळेला सुट्टी होती. आई मासवडीचं सारण परतत होती, तीळ-खोबऱ्याचा वास गल्लीभर गेला होता, आणि दारात टेंपो थांबला. मागच्या फळीवरून आधी एक गाय उतरली आणि मग काष्टा घातलेली, काटक, साठीच्या पुढची एक बाई. तिनं सरळ गाईचा कासरा आमच्या पडवीच्या खांबाला बांधला. अप्पा ज्याला टेकून गोष्टी सांगायचे त्याच खांबाला. अप्पा बाहेर आले, त्यांनी गाय पाहिली आणि सवयीनं आधी तिचं शिंग चाचपलं.

“बरं झालंय की गं हे, भागूबाई,” ते म्हणाले.

“शिंग बरं झालंय,” भागूबाई म्हणाली. “बाकी समदं तुमी बिघडवलंय डॉक्टर. ही घ्या तुमची गाय. तुमी लिवली ना? मंग तुमीच संबाळा.”

मग तिनं पडवीच्या कडेला बसून सगळं सांगितलं. आवाज न चढवता, ओळीनं. गावच्या गुराख्यानं गाय कळपात घ्यायची बंद केली. डेअरीत दूध घेईनात. तिचं दूध इतरांच्या दुधात मिसळलं तर सगळ्या गावाला नावांचा विसर पडेल म्हणे. बायका पाणवठ्यावर भागूबाईला आधी तिचं स्वतःचं नाव सांगायला लावायच्या आणि मगच हंडा भरू द्यायच्या. “माझं नाव मला म्हाईत हाय का, त्ये बगत्यात,” ती म्हणाली. शेवटी आज ती गाय घेऊन बेल्ह्याच्या बाजाराला गेली. तिथंही एक व्यापारी शिंगाकडं बघून मागं सरकला, आणि मग गाईभोवती चारी बाजूंनी जागा मोकळी झाली. इतक्या गर्दीच्या बाजारात तेवढीच मोकळी जागा.

“आन् दुसरं आसं,” भागूबाई म्हणाली, आणि आता मात्र तिचा आवाज चढला, “माझ्या गायीला नाव हाय. बगळी. तुमाला सांगितलं व्हतं मी, पट्टी बांधताना. तुमी लिवलं, बिननावाची.”

अप्पा मटकन खाली बसले. त्यांना त्या अवस्थेत मी त्याआधी पाहिलं नव्हतं. जनावराबद्दल खोटं बोलायचं नाही, हा आजोबांचा दंडक, आणि अप्पांनी गाय सगळी खरी लिहून एकच गोष्ट खोटी लिहिली होती. आईनं भागूबाईला पाणी दिलं आणि म्हणाली, “जेवून घ्या आधी. मासवडी हाय.”

दुसऱ्या दिवशी अप्पा मला घेऊन मढला गेले. दूध गोळा करायचं काम गेनूतात्यांकडं होतं. गावातलं मोठं माणूस, पांढऱ्या मिशा, शब्दाला वजन. त्यांच्या ओट्यावर दहा-बारा लोक जमले आणि अप्पांनी सरळ सांगून टाकलं, की ही गोष्ट मी रचली. धुकं खरं, वळण खरं, गाय खरी, पण बाकी सगळं माझ्या डोक्यातलं. गाईत वाईट काही नाही. लोकांनी फार शांतपणे ऐकून घेतलं. मग गेनूतात्या म्हणाले, “डॉक्टर, तुमी लई चांगलं माणूस. बाई अडचणीत आली म्हणून आसं बोलताय.”

“अहो, देवाशप्पथ मी रचलंय!”

“तुमाला तसं वाटतंय,” गेनूतात्या मायेनं म्हणाले. “पर आसलं कुणाला रचता येत न्हाई. त्या वळणावर जो हाय, त्यानंच लिवून घेतलंय तुमच्या हातून. तुमी निमित्त.”

अप्पांनी येताना बगळीचं दूध तांब्यात घालून आणलं होतं. ते त्यांनी सगळ्यांसमोर घटाघट पिऊन दाखवलं. लोक म्हणाले, तुमचं काय, तुम्हाला तो सांभाळतो. आम्ही परत एसटीत बसलो. अप्पा खिडकीबाहेर बघत होते आणि मी त्यांच्याकडं. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलत होतं. भागूबाईचं वाटोळं झालं होतं, त्याचं त्यांना मनापासून दुःख होतं, आणि तरीही, एका लेखकाला याहून मोठी शाबासकी मिळालेली मी ऐकलेली नाही. आज मी हे लिहू शकते. तेव्हा त्यांना ते कबूल करायचीही लाज वाटत होती.

भागूबाई आमच्याकडं आठ दिवस राहिली. गाय सोडून ती जाईना आणि गाय घेऊन परत गावात जाण्यात अर्थ नव्हता. ती पहाटे उठून परस झाडायची, नाचणीच्या जाड जाड भाकरी थापायची, आणि आईच्या भाकरीला ‘पापड’ म्हणायची. दोघींचं दोन दिवसांत गूळपीठ झालं. तिसऱ्या दिवशी अप्पांनी सांगितलं, गोष्टीनं बिघडलंय तर गोष्टीनंच सुधारलं पाहिजे. बोलून पटत नाही, तर दुसरा भाग लिहितो. दुपारी ते खांबाशी गेले. तिथं बगळी बांधलेली, म्हणून भिंतीला टेकले. आई आणि भागूबाई दोन सुपं घेऊन बसल्या आणि मी वही घेतली. अप्पांनी सांगितलं, की गाईत काही दोष नव्हता, तो लोकांचा गैरसमज होता, आणि गावकऱ्यांना ते उमगून सगळे आनंदानं राहू लागले. दोन्ही सुपं एकसारखी चालत राहिली. एकही फुली नाही.

“ह्यात भ्याव कुठंय?” भागूबाईनं विचारलं.

“आता भीती नकोच ना भागूबाई. भीतीनंच तर झालं हे सगळं.”

“भ्याव न्हाई तर कुणाला पटायचं न्हाई. पयली गोष्ट ऐकून मलाच दोन दिस झोप न्हवती, माझीच गाय आसून. आन् ही ऐकून मला जांबई आली. घाला भ्याव. चांगलं पोटात गोळा येईल आसं घाला. मंग सोडवा.”

जिचं नुकसान झालं तीच बाई भीती वाढवून मागत होती. त्या प्रबंधवाल्या मुलीला मी हे सांगितलं तेव्हा ती लिहायची थांबली. अप्पांना सगळं आयुष्य समीक्षक लाभला नाही म्हणतात. लाभला होता, आठ दिवस, आणि तो सही करताना अंगठा उठवायचा.

चौथ्या दिवशी नाही, पाचव्या दिवशी नाही, सहाव्या दिवशी मात्र गोष्ट जमली. ती अशी: गाईला कुणी कधी नाव दिलेलं नव्हतं, म्हणून ती घराघरांतून नावं चाटून नेत होती, स्वतःचं सापडेल म्हणून. सगळा गाव नावांवाचून बसलेला. शेवटी ती येते एका एकट्या बाईच्या दारात. हिच्या घरात हाक मारायला दुसरं माणूसच नाही, म्हणून गाईला तिथून न्यायला काहीच नाही. गाय दाराशी उभी राहते, आत बघते. बाई तिच्या डोळ्याला डोळा भिडवते आणि घाबरून गोठून जाते, कारण त्या डोळ्यांत तिला सगळ्या गावाची हरवलेली नावं दिसत असतात. तरीही ती उठते. गाईच्या गळ्यात घंटा बांधते आणि तिला नाव देते. दोन्ही सुपं एकदम थांबली. वहीत मी फुली मारली आणि मान वर केली, तर भागूबाई पदरानं डोळे पुसत होती.

“त्या बाईचं नाव काय ठेवू?” अप्पांनी विचारलं.

“ठेवायचं काय त्यात?” ती म्हणाली. “माझं हाय की. खरं नाव लिवा.”

आजवर फक्त जनावर खरं घेणाऱ्या अप्पांनी त्या दिवशी पहिल्यांदा माणूस खरं घेतलं.

मासिकात छापून येईपर्यंत थांबायला वेळ नव्हता. मढला भाताची झोडणी चालू होती, सगळा गाव दिवसभर खळ्यांवर. आम्ही चौघं आणि बगळी टेंपोनं गेनूतात्यांच्या खळ्यावर उतरलो. अप्पांनी बाजारातून नवी पितळी घंटा आणली होती. ती त्यांनी टेंपोतून उतरण्यापूर्वी स्वतःच्या हातानं बगळीच्या गळ्यात बांधली, कारण काढलीही त्यांनीच होती. लोक मागं सरकले. अप्पा म्हणाले, गोष्टीचा पुढचा भाग आला आहे, वाचून दाखवतो. आता ‘आला आहे’ म्हणाले, ‘लिहिला आहे’ म्हणाले नाहीत. गेनूतात्यांनी हात वर केला. “तुमी नगा वाचू डॉक्टर. तुमच्यातून त्योच बोलंल. पोरीला वाचू द्या.”

मी तेरा वर्षांची होते. शाळेत धडा वाचायची पाळी आली की मी बाकाखाली पेन्सिल शोधायला लागायची. भाताच्या पेंढ्यावर उभं राहून मी वाचायला लागले. पुरुष झोडणी थांबवून कोंडाळं करून बसले, बायका मात्र पाखडत राहिल्या. पंधरा-वीस सुपं असतील. त्या आवाजानं मला धीर आला, कारण तो माझ्या ओळखीचा होता. वाचत गेले. गाय नावं चाटत निघाली, तेव्हा दोन सुपं थांबली. ती भागूबाईच्या दारात उभी राहिली तेव्हा आणखी. आणि तिच्या डोळ्यांपाशी आले तेव्हा खळ्यावरचा एकूण एक आवाज बंद झाला. आई माझ्याकडं बघत होती. मला वाटलं, आता मला कुणी धरून हलवलं तरी माझा आवाज हलणार नाही.

मग शेवटचं पान आलं, आणि मला चूक दिसली. पक्की प्रत माझ्याच हातची, चार वेळा लिहिलेली, पण ते तेव्हा ध्यानात आलं नव्हतं. अप्पांनी त्यांच्या नेहमीच्या थाटात शेवट केला होता: घंटेचा आवाज धुक्यात लांब लांब जात राहिला आणि ती गाय पुन्हा कुणाला दिसली नाही. भयकथेला शोभेलसा, सुरेख शेवट. पण बगळी माझ्यासमोर वीस पावलांवर उभी होती! गोष्टीतली गाय कायमची निघून गेली, तर ही समोर आहे ती कोण? हे वाक्य वाचलं असतं तर लोक खळं टाकून पळाले असते. अप्पा भीतीचं माणूस; घरी परतलेली गाय त्यांना लिहिताच येत नव्हती.

अप्पांच्या शब्दाला मी कधी हात लावला नव्हता. काना-मात्राही बदलली नव्हती. मी कागदाकडं बघत बघत, कागदावर नसलेलं वाचलं: “भागूबाईनं तिचं नाव ठेवलं बगळी. नावानं हाक मारली की ती मान हलवते, आणि घंटा वाजली की समजायचं, गाय घरची आहे.”

अप्पांनी झटकन माझ्याकडं पाहिलं. मी कागद घट्ट धरून ठेवला. भागूबाई उठली आणि नेहमी हाक मारायची तशी तिनं हाक मारली, “बगळे!” बगळीनं मान हलवली. घंटा वाजली. आणि मग त्या गुणी गाईनं, सगळा गाव श्वास रोखून बसलेला असताना, चार पावलं पुढं टाकली आणि गेनूतात्यांच्या स्वच्छ पाखडलेल्या भाताच्या राशीत तोंड घातलं.

“ए सटवे! हो बाजूला!” गेनूतात्या ओरडले, आणि उठून त्यांनी तिच्या पाठीवर सणसणीत थाप मारली. एक, दोन. मग ते स्वतःच्या हाताकडं बघत उभे राहिले. तीन महिने त्या गाईच्या सावलीला कुणी उभं राहिलं नव्हतं. कुठूनतरी एक बाई फिसकन हसली आणि मग सगळं खळं हसायला लागलं. गेनूतात्याही हसले. म्हणाले, “भागे, तुजी गाय बांदून ठिव. लई वांड हाय.” त्या शिवीवजा बोलण्यानं भागूबाईला जो आनंद झाला, तो मी शब्दांत नाही सांगू शकत. दुसऱ्या दिवसापासून तिचं दूध डेअरीत गेलं.

परतीच्या एसटीत अप्पांनी माझ्या हातातले कागद घेतले आणि शेवटचं पान पुन्हा पुन्हा वाचलं. मला वाटलं, आता काही खरं नाही. घरी आल्यावर त्यांनी हातपाय धुतले, वही मागितली, स्वतःच्या शेवटच्या वाक्यावर आडवी रेघ मारली आणि त्याखाली, आपल्या त्या औषधाच्या चिठ्ठीच्या अक्षरात, माझं वाक्य लिहिलं. मला पुन्हा एकदा विचारून घेतलं, ‘समजायचं’ की ‘समजावं’. मग आईला म्हणाले, “माझ्या गोष्टीला शेवट हिचा आहे.” आई म्हणाली, “मला म्हाईत हाय. मी व्हते तिथं.” गोष्ट तशीच छापली गेली. पुण्याहून संपादकांचं पत्र आलं, की गाईची मालिका करा, वाचक मागताहेत. अप्पांनी उलट कार्ड टाकलं, की गाय घरी गेली. फाल्गुनात बगळी व्याली तेव्हा भागूबाई खरवसाचं पातेलं घेऊन एसटीनं आली. तसा खरवस मी पुन्हा खाल्ला नाही.

अप्पांची पुस्तकं आता मिळत नाहीत. कवटीची कव्हरं रद्दीत गेली. ती मुलगी म्हणत होती, मॅडम, त्यांचा प्रभाव कसा दाखवायचा, कुणाच्या लिखाणात त्यांचा उल्लेखच सापडत नाही. म्हणून गेल्या आठवड्यात मी तिला घेऊन माळशेजच्या बाजूला गेले. भाड्याची गाडी, चालक मढचाच, चाळिशीचा गृहस्थ. आता तिथं सगळी रिसॉर्टं झाली आहेत. त्या वळणावर त्यानं न सांगता गाडी हळू केली. कडेला उंबराच्या फांदीला पितळी घंटा टांगलेली. त्यानं खिडकीतून हात काढून ती वाजवली आणि तोंडानं म्हणाला, “बगळे!”

मुलगी चमकून माझ्याकडं बघायला लागली. मी त्याला विचारलं, हे काय? त्यानं गोष्ट सांगितली. धुकं, गाय, विसरलेली नावं, घाबरूनही उठलेली भागूबाई. गाडी चालवता चालवता, सवयीनं, पण पंगतीपाशी आल्यावर त्याचाही आवाज खाली गेला. शेवटी म्हणाला, “नावानं हाक मारली की मान हलवती, आन् घंटा वाजली की समजायचं, गाय घरची हाय.”

“कुणी लिहिली ही गोष्ट?” मुलीनं विचारलं.

“आसल्या गोष्टी कोण लिवतं व्हय ताई? पयल्यापासून हायेत त्या. आमच्या पणजोबाच्या बी आदीच्या.”

मला राहवेना. मी म्हटलं, “माझ्या वडिलांनी लिहिली. आणि तो शेवट आहे ना, तो माझा. तिथं खाली खळं होतं, तिथं उभी राहून मी तो पहिल्यांदा म्हटला.”

त्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं, माझ्या पांढऱ्या केसांकडं, आणि मायेनं हसला. “तुमाला तसं वाटतंय, मावशी,” म्हणाला.